आतला दिवा मंद झाला का?

चावी फिरवली. 'घर्रर्र...' करत इंजिनाने अर्धा वळसा घेतला, पुढच्या अर्ध्याला दम टाकला आणि मग नुसतंच 'कट्-कट्-कट्'. डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान ३ अंश दिसत होतं. आदल्या संध्याकाळी हीच गाडी बोट लावताच सुरू झाली होती, त्यामुळे मी आपली परत परत चावी फिरवत बसले, जणू दहाव्या वेळी ती लाजेकाजेस्तव सुरू होईल.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "अगं, सेल्फ मारतेस तेव्हा आतला दिवा मंद होतोय का?"

"बाबा, बॅटरी गेलीय. दिव्याचं काय घेऊन बसलात!"

माझ्या बाजूचं दार उघडं होतं, छतातला दिवा चालू होता, मान वर केली असती तरी उत्तर मिळालं असतं. पण ऑफिसला उशीर होत होता आणि मला निदान झालेलं होतं. पुढचे आठ दिवस याच निदानाने खाल्ले.

त्या दिवशी गाडी धक्क्यावर सुरू केली. शेजारचे दोघं आणि बाबा मागे, मी आत. इग्निशन ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीने जरा वेग घेतल्यावर क्लच सोडला आणि इंजिन पहिल्याच हिसक्यात पेटलं. यातही एक खूण होती, तीही मी सोडली. ही फ्यूएल इंजेक्शनची पेट्रोल गाडी. धक्का मारला तरी पेट्रोल पंप, इंजेक्टर आणि इंजिनाचा कॉम्प्युटर हे सगळं बॅटरीवरच चालतं. बॅटरी खरंच मेली असती तर कितीही ढकलून ती पेटली नसती. बॅटरीत जीव होता. तो फक्त स्टार्टरपर्यंत, म्हणजे सेल्फ मारल्यावर इंजिन फिरवते त्या मोटरपर्यंत, पोचत नव्हता. पण हे शहाणपण नंतरचं.

दुपारी गाडी काहीच झालं नसल्यासारखी सुरू झाली. थंडीतल्या दुखण्याची हीच तर तऱ्हा. ऊन वर आलं की दुखणं गायब, आणि गॅरेज उघडतं तेही ऊन वर आल्यावरच.

बॅटरीवर संशय घेणं तसं चूक नव्हतं. थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाच्या आसपास तिची ताकद साधारण एक तृतीयांशाने कमी होते. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट होतं आणि तेच इंजिन फिरवायला स्टार्टरला जास्त करंट लागतो. मागणी वाढते आणि पुरवठा आटतो, दोन्ही एकाच सकाळी. म्हणून 'थंडीत गाडी सुरू होत नाही' म्हटलं की दहातले नऊ जण बॅटरी म्हणतात, आणि बहुतेकदा त्यांचं बरोबरही असतं. आमची बॅटरी चार वर्षांची होती. मी नवी आणली, जुनी देऊन टाकली. तिला मीटर लावून बघायचंही सुचलं नाही.

पुढचे चार दिवस गाडी एकदम झकास. मी बाबांना दोनदा ऐकवलंसुद्धा. पण त्या चार दिवसांत सकाळचं तापमान ९-१० अंशांवर चढलेलं होतं, हे माझ्या हिशेबात नव्हतं. पाचव्या दिवशी पारा २ अंशांवर आला आणि पुन्हा तेच 'घर्रर्र... कट्-कट्-कट्'. नव्या बॅटरीच्या हँडलवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. बॉनेट उघडून मी त्या चकचकीत डब्याकडे बघत राहिले. बाबा काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

मेकॅनिक आला तो दुपारी. त्याच्यासमोर गाडी अर्थातच लगेच सुरू झाली. तो म्हणाला, स्टार्टर मोटर गेली असणार, काढून आत्ताच खोलू. त्याने काहीच मोजलं नव्हतं. अर्थात, आठ दिवसांपूर्वी मीही काही मोजलं नव्हतं, त्यामुळे त्याला हसायचा मला फारसा हक्क नाही. 'बघते नि सांगते' म्हणून त्याला वाटेला लावलं आणि एका मैत्रिणीकडून मल्टिमीटर मागून आणला.

मीटर सुरुवातीला लोक जसा लावतात तसाच मीही लावला: गाडी बंद, लाल काडी बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. १२.६ व्होल्ट. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, १२ म्हणजे तळाला गेलेली. आमची भरलेली होती. पण या आकड्यावरून बॅटरी किती भरलीय एवढंच कळतं, दाबाखाली ती किती टिकेल ते नाही. माणूस खुर्चीत बसलेला असताना त्याला पोतं उचलता येईल का, हे कसं सांगणार? मोजायचं ते सेल्फ मारतानाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडी गारठलेली असतानाच, बाबा चावीवर आणि मी बॉनेटपाशी. इंजिन चुकून पेटू नये म्हणून पेट्रोल पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा छोटा स्विच) काढून ठेवला. म्हणजे स्टार्टर फिरेल पण गाडी सुरू होणार नाही आणि निवांत मोजता येईल. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ओढणी आणि बाह्या आवरून घेतल्या, कारण फिरणाऱ्या पट्ट्याजवळ वाकायचं होतं. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही आणि मध्ये मिनिटभर थांबायचं, असं बाबांना बजावलं. स्टार्टर मोटर अशा छोट्या कामासाठीच बनलेली असते, लांबवलं की तापते.

"मारा, बाबा!"

घर्रर्र... घर्रर्र... मीटर ११.० वर.

मला वाटलं, काडी सरकली. परत मारायला लावलं. ११.०. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ च्या खाली जाऊ नये असा ठोकताळा आहे. बॅटरी मरतुकडी असती तर आकडा ८-९ पर्यंत कोसळला असता. इथे बॅटरी अगदी आरामात होती आणि इंजिन मात्र चढावर अडलेल्या बैलगाडीसारखं फिरत होतं.

"अगं, टाकी भरलेली आहे आणि नळाला धार नाही," बाबा आतून म्हणाले. "पाइप बघ."

बाबांच्या तरुणपणी गाड्यांना चोक असायचा, आणि इंजिन हाताने फिरवायचं हँडल डिकीत पडलेलं असायचं. आजच्या गाडीतलं निम्मं त्यांना माहीत नाही, हे ते स्वतःच सांगतात. पण करंट वायरमधून जातो आणि परत यावा लागतो, हे तेव्हाही तसंच होतं.

मग स्टार्टरवर मोजलं. लाल काडी त्याच्या जाड वायरच्या बोल्टवर, काळी त्याच्या धातूच्या अंगावर. ८.५. बॅटरीतून ११.० निघाले, स्टार्टरला मिळाले ८.५. मधले अडीच व्होल्ट कुणीतरी वाटेत खात होतं.

यापुढचं मोजमाप मला फार आवडलं, आणि ते कुणी करताना मी आजवर पाहिलेलं नाही. मीटरच्या दोन्ही काड्या एकाच वायरच्या दोन टोकांना लावायच्या. पहिल्यांदा वेडेपणाच वाटतो, एकाच वायरमध्ये व्होल्टेज कसलं? आणि वायर ठणठणीत असेल तर खरंच काही दिसत नाही, आकडा शून्याजवळ रेंगाळतो. पण त्यातून करंट जात असताना कुठे अडथळा असेल, तर तिथे जेवढे व्होल्ट जिरतात तेवढे मीटरवर उमटतात. ओहममध्ये मोजून हे सापडत नाही. शंभर-सव्वाशे अँपिअर जाणाऱ्या वाटेत एका ओहमचा पन्नासावा भाग अडथळा आला तरी दोन-अडीच व्होल्ट जातात, आणि इतका बारीक अडथळा साधा मीटर दाखवत नाही. तो दाखवतो 'सगळं ठीक'. म्हणून सेल्फ चालू असतानाच मोजायचं.

प्लसच्या वाटेवर, म्हणजे बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत, ०.४ निघाले. थोडे जास्त, पण गुन्हेगार हा नव्हे. मायनसच्या वाटेवर, बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत, २.१.

बाबांना आकडा ओरडून सांगितला. ते खाली उतरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, चावी सोडून. "आता तुकडे पाड," म्हणाले.

आमच्या गाडीत बॅटरीची मायनसची केबल आधी बॉडीला जाते, आणि बॉडीपासून इंजिनाला दुसरी एक अर्थची (अर्थिंगची, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेची) पट्टी जाते: तांब्याच्या तारांची विणलेली, चपटी, गिअरबॉक्सच्या बाजूला बोल्टने आवळलेली. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे बॉडीशी त्याचा धातूला धातू असा पक्का संबंध तेवढाच. बॅटरीपासून बॉडीपर्यंत ०.२. बॉडीपासून इंजिनापर्यंत १.९. चोर त्या वीतभर पट्टीत बसला होता.

एव्हाना सात-आठ वेळा सेल्फ मारून झाला होता. मी हात खाली घालून पट्टीचं गिअरबॉक्सकडचं टोक चाचपलं. बॉनेटखालचं सगळं लोखंड बर्फासारखं होतं, बोटं बधिर झाली होती, आणि ते एक टोक कोमट होतं. शेजारचा बोल्ट गार, पट्टीचा मधला भाग गार, फक्त तारा जिथे लगमध्ये, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीत, दाबून बसवल्यात तेवढाच भाग कोमट. दोन अंशांच्या पहाटे! गणित नंतर मांडलं. पावणेदोन-दोन व्होल्ट आणि सव्वाशे अँपिअर म्हणजे जवळपास अडीचशे वॉट, तेही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. इंजिन फिरवायची ताकद तिथे बसून शेकोटी करत होती.

उघडण्याआधी खात्री हवी होती. एकदा बॅटरीत हात पोळून घेतला होता, आता पट्टीतही नको. डिकीत जंपर केबलचा जोड होता. त्यातली काळी केबल घेतली, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिन उचलायला असतो त्या लोखंडी कडीला. म्हणजे पट्टीला वळसा घालून करंटला दुसरी वाट करून दिली. रिले परत बसवला, पेट्रोलचा दाब यावा म्हणून चावी दोनदा ऑन करून थांबले आणि मग सेल्फ मारला.

गाडी सुरू झाली. घर्रर्र नाही, कट्-कट् नाही, एकदम.

अशी शंका असेल तर मीटर नसला तरी हे करून बघता येतं. गाडी सेल्फला रडत असताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या उघड्या धातूला एक जाड केबल जोडायची. फरक पडला तर दोष अर्थच्या वाटेत. नाही पडला तर पुढचं बघायचं. केबल मात्र चिमट्याने घट्ट धरलेली हवी, आणि चुकूनही प्लसजवळ जाता कामा नये.

मग बाबांनी तिथेच बोनेटवर कोपर टेकून मला दिव्याचं गणित समजावलं. आतला दिवा अर्थ घेतो तो बॉडीतून. त्याची वाट इंजिनावरून जातच नाही. सेल्फ मारताना बॅटरीच बसत असेल तर तिच्यावर जे जे आहे ते सगळंच बसतं, दिवाही विझत येतो. दिवा जवळपास तसाच राहिला आणि स्टार्टर तेवढा रडला, तर बॅटरीला सोडून द्यायचं आणि स्टार्टरच्या जाण्या-येण्याच्या वाटा बघायच्या. हेडलाइट लावून भिंतीवरचा उजेड बघितला तरी तेच. त्यांच्या ओळखीत एका गाडीची हीच पट्टी तुटली होती, तेव्हा करंटने क्लचच्या केबलमधून परतीची वाट काढली आणि केबलमधून धूर निघाला होता. हे सगळं त्यांना पहिल्या दिवशीच सांगायचं होतं. मी विचारलं नव्हतं.

मला मात्र आता तो दिवा आठवला. त्या पहिल्या सकाळी मी चावी फिरवताना माझ्या मांडीवरच्या पर्सची सावली पडलेली होती. ती सावली तशीच ठळक होती, कट्-कट् चालू असताना सुद्धा.

पट्टी काढायला अर्धा तास गेला, त्यातली पंचवीस मिनिटं एका गंजलेल्या बोल्टशी. बॅटरीची मायनस आधी सोडवली (सोडवताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी, नाहीतर प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणग्यांची आतषबाजी). वरून पट्टी चांगली दिसत होती, जरा काळवंडलेली इतकंच. लगवरची रबरी नळी चाकूने चिरली तेव्हा आतून हिरवी पूड सांडली. तारांचा गुच्छ लगमध्ये शिरतो तिथेच पाणी मुरलं होतं. निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, बाकीच्या हिरव्या आणि ठिसूळ. बोटाने वाकवल्या तशा आणखी चार तुटल्या.

उन्हात हे का चालत होतं, तेही आता कळत होतं. अडथळा दुपारीही होताच. पण गरम इंजिन हलकं फिरतं, स्टार्टर कमी वेळ आणि कमी जोर मागतो, आणि उरलेल्या तारांवर ते निभावून जातं. शिवाय मागच्या सर्व्हिसमध्ये २०डब्ल्यू-५० ऑइल घातलं होतं, आणि गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय. तो डब्ल्यू विंटरचा, त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. म्हणजे पट्टी कुजत असेल वर्षभर, पण ती उघडी पडली या हिवाळ्यात. ऑइलही नंतर बदललं.

नवी पट्टी त्याच मापाची, जरा जाड घेतली. पट्टी बदलणं सोपं. खरं काम ती जिथे बसते ती जागा. बॉडीच्या बाजूला रंगाचा थर होता, गिअरबॉक्सच्या बाजूला चिकट काळं. दोन्हीकडे वायरब्रश आणि पॉलिश पेपरने घासून उघडा, चकाकणारा धातू काढला, मगच बोल्ट आवळला. वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला, पुन्हा पाणी शिरू नये म्हणून. आधी जेली लावून मग आवळणारे लोक असतात, पण मला धातूला धातू भिडलेला हवा होता. हाताशी ब्रश होताच म्हणून प्लसचं टर्मिनल आणि स्टार्टरचा बोल्टही घासून घेतला.

पुढच्या पहाटे पारा १ अंशावर. रिले काढला, बाबा चावीवर, मी मीटरवर. बॅटरी १०.४. स्टार्टर ९.९. प्लसच्या वाटेवर ०.३, मायनसच्या वाटेवर ०.२.

"म्हणजे बॅटरी आणखी उतरली की!" बाबा म्हणाले. "काल ११ होती ना?"

क्षणभर माझ्याही पोटात गोळा आला. मग उलगडलं. काल वाटच अडलेली होती म्हणून बॅटरीला फारसं काही द्यावं लागत नव्हतं, त्यामुळे ती आरामात ११ वर बसून होती. आज वाट मोकळी, स्टार्टर हवा तेवढा करंट ओढतोय, म्हणून ती १०.४ पर्यंत खाली येतेय. कालचा ११ चा आकडा तब्येतीचा नव्हता, रिकामटेकडेपणाचा होता. आणि इंजिन असं गरागरा फिरत होतं की बाबांनी चावी सोडायची ती दोन सेकंद उशिराच सोडली.

एक गोष्ट अनपेक्षित मिळाली. अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना वीज बनवणारा भाग, इंजिनावर बसतो, त्यामुळे बॅटरी चार्ज करणारा करंटही याच पट्टीतून फिरतो. पट्टी बदलण्याआधी गाडी चालू ठेवून, हेडलाइट लावून बॅटरीवर मोजलं होतं ते १३.६, बदलल्यावर १४.२. म्हणजे त्या पट्टीने फक्त सकाळीच दगा दिला नव्हता, दिवसभर बॅटरीच्या ताटातलंही थोडं थोडं काढून घेत होती. चार वर्षांच्या त्या जुन्या बॅटरीबद्दल मला आता जरा अपराधी वाटतं.

आकडे एका कागदावर लिहून, तारीख टाकून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सर्व्हिसच्या पुस्तकात ठेवलाय. रिले परत बसवला आणि चावी मी हातात घेतली. या वेळी दार मुद्दाम उघडं ठेवलं आणि वर बघत सेल्फ मारला. दिवा पापणी लवल्यासारखा किंचित हलला, तोवर गाडी सुरू झालेली होती.